खुदायारची जीभ

पाटाच्या अगदी शेवटाला असलेल्या त्या वस्तीत खुदायारची जीभ म्हणजे सरकारी शिक्का होता. कालव्याचं पाणी तिथवर पोचायचं ते दमूनभागून, करंगळीएवढं. बाकीची तहान विहिरींवर भागवायची, आणि विहिरी खाऱ्या. नुसतं विहिरीचं दिलं तर रानावर मीठ फुटायचं. म्हणून दोन्ही पाणी पाटात एकत्र करून पिकाला द्यायची रीत. किती गोडं आणि किती खारं, ते खुदायार सांगायचा. बोट बुडवायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा. "दोन वाटे कालव्याचं, एक विहिरीचं," म्हणायचा. एकदा बहावलनगरहून पाटबंधाऱ्याचा साहेब यंत्र घेऊन आला होता. यंत्रानेही खुदायारचीच री ओढली.

दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी तो उठला, पण जिभेवरची चव गेली ती गेलीच. मीठ कळेना, साखर कळेना. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. लोक विचारायला येत, तो बोट चाटे, डोळे मिटे आणि जुन्या आठवणीवर आकडा ठोकून देई. कुणाकुणाची रानं पांढरी पडली. लोकांनी नशिबाला बोल लावला.

वरच्या रानाचा जलाल तेवढा नशिबावर थांबला नाही. एक दिवस त्याने खुदायारला ओट्यावर बोलावून लस्सीचा पेला दिला.

"कशी झालीय, चाचा?"

"झकास. मीठ थोडं कमी पडलं."

जलालने रिकामा पेला घेतला. तळाशी न विरघळलेल्या मिठाचा थर होता. त्यात बोट फिरवत तो म्हणाला, "बरं, चाचा." खुदायारने ते पाहिलं आणि घाईघाईने चपला पायात घातल्या.

कालव्याच्या पाण्याची खुदायारची पाळी मंगळवारी, सकाळी सात ते पावणेनऊ. गहू नुकता वर आला होता, पहिलं पाणी द्यायचं होतं. मुलगा कराचीच्या गिरणीत, म्हणून सून रेशमां पाटाची दारं धरायला उभी होती. थंडीने बोटं वाकत नव्हती.

"अब्बा, हे बघा, पाण्याला वाफ येतेय. कालव्याचं पाणी कधी वाफाळतं का? आपल्या विहिरीचा पंप तर मी अजून चालूही केला नाही. आणि म्हैस तोंड लावत नाहीये."

वरच्या बांधावरून जलाल आला, बरोबर दोन गडी. "काय म्हणते सून? मी तुमचं पाणी माझ्या रानात वळवलं आणि माझ्या विहिरीचं खाली सोडलं, असंच ना? चाखा ना, चाचा. जिभेपुढे वाद कशाला?" मग तो वाकला आणि हळूच म्हणाला, "लस्सी चाखलीत तसंच चाखा. नाहीतर मी सांगतो सगळ्यांना."

खुदायारने बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. जमिनीच्या पोटातलं. बोटाला सगळं कळलं.

"गोडं आहे," तो म्हणाला.

"अब्बा!"

"गोडं आहे म्हणतो ना! विहीर चालू कर."

रेशमांने विहीर चालू केली आणि खाऱ्यात खारं मिसळलं. असे चार मंगळवार गेले. पाचव्याच्या आत गव्हाची टोकं जळाली आणि सऱ्यांवर पांढरं फुटलं.

रेशमां पंचांकडे गेली. पिंपळाखाली खाटा टाकून सगळे बसले.

"खुदायार, दर पाळीला तू चाखलंस?" थोरल्या पंचाने विचारलं.

"चाखलं. गोडं होतं."

"मग गहू कशाने जळाला?"

लोक बघत होते. त्यात पांढऱ्या रानांचे धनीही होते. खुदायार खाली मान घालून म्हणाला, "मी दोनाला एक सांगितलं होतं. हिने उलटं केलं. विहिरीचंच जास्त सोडलं."

 रेशमांने ओढणीखालून दोन झाकलेल्या वाट्या काढल्या. "हे कालव्याचं आणि हे जलालच्या विहिरीचं. दोन्ही गाळलेलं, गार केलेलं. अब्बांनी नुसतं सांगावं, कुठलं कुठलं."

खुदायार खाटेवर मागे सरकला. तेवढ्यात जलाल ताडकन उठला.

"लाज वाटत नाही? सासऱ्याची परीक्षा घेतेस, चारचौघांत? चाचांच्या जिभेवर आपल्या बापजाद्यांनी शेती केली!"

"खरंय," पंच म्हणाले. वाट्या जमिनीवर ओतल्या गेल्या. खुदायारने जलालकडे पाहिलं, आणि त्याची त्यालाच शरम वाटावी इतकं त्याला बरं वाटलं.

कराचीहून मुलाचा फोन आला. अब्बाला खोटं पाडणारी बायको नको, माहेरी पाठवा, म्हणाला. रेशमां गाठोडं घेऊन दारात थांबली. "अब्बा, पंचांकडे जायच्या आदल्या दिवशी माझ्या डाळीत मीठच नव्हतं. तुम्ही दोनदा मागून खाल्लीत," एवढंच म्हणाली आणि बसकडे निघाली. 

पुढच्या मंगळवारी खुदायार एकटाच दारं धरून होता. पाटातून वाफ निघत होती. म्हैस आली, तिने वास घेतला आणि मान फिरवली.

"कसं आहे पाणी, चाचा?" बांधावरून जलालने विचारलं. त्याच्याजवळ चारजण उभे होते.

खुदायारने म्हशीची वेसण दोन्ही हातांनी ओढली आणि तिचं तोंड पाण्यात दाबून धरलं.

"गोडं आहे," तो ओरडला. "बघा, पितेय!"