घोडेस्वाराच्या बोटातली पिन

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. जुनी म्हटल्यावर हसू नका. माझ्या जातीला मुळात आयुष्यच महिना-दीड महिन्याचं. त्यानंतर जी उरते ती जुनीच. आणि तुम्ही कागदांना टोचता ती पिन मी नव्हे, ते आधीच सांगते. ती माझी कोणी लागत नाही. मी हाडात बसणारी पिन. पोलादाची, दाभणाहून बारीक, टोकाला धार. आता मधोमध वाकडी. वाकडी झाल्यापासून माझा स्वभावही जरा तिरकस झालाय, तेवढं सांभाळून घ्या.

जन्मापासून मी अशी नव्हते हो! तारेच्या भल्यामोठ्या वेटोळ्यातून मला कापलं, सरळ केलं, घासून लखलखीत केलं. मग कारखान्यातल्या एका बाईने आम्हाला एकेक करून काचेवर ठेवलं आणि बोटाने हलकेच लोटलं. जी सरळ असते ती गपचूप घरंगळत जाते. जी जराशीही वाकडी असते ती थरथरते, आणि तिची रवानगी थेट भंगारात. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी गेले की त्या बाईला पुन्हा माझ्याकडे बघावंही लागलं नाही. माझ्या वाट्याला आलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक. ती काच आठवली की अजून कसंनुसं होतं.

पुढे पाकिटात बंद, अंधारात, किती काळ गेला कोण जाणे. पाकीट फाटलं तेव्हा समोर एक पाय होता.

पाय एका रंगाऱ्याचा होता. उजवा. अंगठ्याशेजारची दोन बोटं पक्ष्याच्या नखीसारखी खाली वळलेली, सांध्यांवर घट्टे, आणि नखांच्या कडेला असा पांढरा रंग मुरलेला की नर्सने घासघासून काही उपयोग झाला नव्हता. त्यातल्या एका बोटात मला घातलं, शेजारच्या बोटात माझ्या बहिणीला. शेंड्यातून आत, हाडांच्या मधून आरपार. बाहेर राहिलेलं टोक छाटून त्यावर निळा मणी बसवला, कशात अडकू नये म्हणून. म्हणजे माझं एक टोक हाडात आणि एक टोक जगात. त्यामुळे मला दोन्हीकडचं कळत असे, आणि खरं सांगू, तेच वाईट झालं.

ती बोटं अशी का झाली ते मला त्याच्या गप्पांतून कळलं. रंगाऱ्यांची ती शिडी तुम्ही पाहिली असेल, दोन्हीकडे पाय फाकून उभी राहणारी. तिला ते घोडा म्हणतात. छत रंगवताना हात पुरेनासा झाला की साधा माणूस खाली उतरतो, घोडा सरकवतो, परत चढतो. आमचा रंगारी उतरायचाच नाही. घोड्याच्या दोन बाजूंना दोन पाय, बोटांनी पायऱ्या घट्ट पकडायच्या, कमरेला एक झटका, की घोडा एक पाय पुढे टाकणार. दुसरा झटका, दुसरा पाय. हातातला ब्रश न थांबवता तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घोड्यावरून चालत जायचा. सोबतचे त्याला घोडेस्वारच म्हणत. बूट घातले की घोड्याचा अंदाज येत नाही, म्हणून हे सगळं अनवाणी. तो कधी पडला नाही. बोटं मात्र पायरी पकडलेल्या आकारातच राहून गेली. शेवटी साधी चप्पल घालवेना, तेव्हा कुठे तो डॉक्टरांकडे गेला.

पहिल्या मलमपट्टीला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना नीट निरखलं. "पिना छान बसल्यात," त्या म्हणाल्या. मी अशी फुशारले की काय सांगू! मग त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "काका, आता टाचेवरच चालायचं. बोटांवर भार नाही म्हणजे नाही. हाड जुळलं की पिना काढू. नीट जुळलं तर शिडीवर उभे राहाल. पण तो घोडा चालवायचा प्रकार बंद. उतरायचं, सरकवायचं, चढायचं."

"उभा राहीन ना?" त्याने एवढंच विचारलं.

"जुळलं तर."

तो घरी आला. एक खोली, मागे स्वयंपाकघर. खिडकीशी पलंग, पायाखाली दोन उशा. त्याची बायको इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. सकाळी त्याला चहा, औषध, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून जायची आणि संध्याकाळी पाय सुजवून यायची. आल्याबरोबर आधी आमचे निळे मणी बघायची. "अहो, किती गोड दिसतायत," म्हणायची. तो म्हणायचा, "पाहुण्या आहेत, फार लाड करू नकोस."

आत माझं काम मुकाट चाललं होतं. मोडून बसवलेल्या दोन हाडांच्या मध्ये काहीतरी ओलं, मऊ भरत होतं. मी फक्त धरून ठेवायचं. हलायचं नाही, हलू द्यायचं नाही. हे त्यालाही पक्कं कळलं होतं. बायकोला तो आपल्या भाषेत समजावायचा, "भिंतीला पुट्टी भरतो ना, तसंच आहे गं ते. ओली असताना बोट लागलं की गेली."

मग घोटाळा कुठे झाला? छतावर.

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पाइप पूर्वी कधीतरी गळला होता. तो दुरुस्त झाला, पण पलंगाच्या बरोबर वर डाग राहिला. पिवळा, कडेने तपकिरी. रंगारी सकाळी जायचा, संध्याकाळी थकून पडायचा, त्याला कधी तो दिसलाच नव्हता. आता दिवसभर उताणं पडून दुसरं बघायचं तरी काय? त्यात त्याचा जोडीदार, वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर काम केलेला, घोडा आणि उरलेला पांढरा रंग घरी आणून ठेवून गेला. जागा दुसरी नव्हती, म्हणून घोडा पलंगाच्या पायथ्याशीच, भिंतीला टेकवून. वर डाग, समोर घोडा.

एक दिवस सकाळी बायको त्याच्या शेजारी बसून वेणी घालता घालता वर बघून हसली. "दुनियेची छतं पांढरी केलीत, आणि मी मात्र रोज डोळे उघडून हे बघायचं!" थट्टाच होती ती. तोही हसला. पण हसताना त्याची बोटं आखडली. ते बाहेर कुणाला दिसलं नाही, मला आत जाणवलं.

त्याच दुपारी तो उठला.

सुरुवातीला त्याने सगळं अगदी शहाण्यासारखं केलं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. पलंग बाजूला लोटून घोडा डागाखाली उभा केला. दवाखान्याने चालायला दिलेला कडक तळव्याचा बूट काढला, कारण बुटाने अंदाज येत नाही. पण उजवा पाय पायरीवर ठेवला तो टाचेवर. हळूहळू चढला. डाग खरवडला, अस्तराचा हात दिला, तो वाळू दिला, मग रंगाचा हात दिला. मी मात्र जीव मुठीत धरून बसले होते. पिनेला मूठ नसते, तरी धरला होता. आता उतर बाबा, आता उतर.

पण आता तो डाग गेला आणि त्याजागी पांढराशुभ्र चट्टा उठून दिसायला लागला. बाकीचं छत जुनाट, मळकट. चट्टा डागाहून वाईट. हे तुम्हाआम्हाला चाललं असतं, रंगाऱ्याला कसं चालेल? त्याने छतच रंगवायला घेतलं. एकदा उतरला, घोडा सरकवला, चढला. परत उतरला, सरकवला, चढला. कपाळावर घाम, पाय लटपटतोय. आणि मग रंगाची ओली कड त्याच्या हातापासून वीतभर लांब राहिली. मित्रांनो, ती कड वाळली की पुढचा रंग तिच्यात मिसळत नाही, सांधा कायमचा दिसतो. उतरून, सरकवून, परत चढेपर्यंत ती वाळणार होती. त्याने विचार केला असं मला वाटतच नाही. त्याच्या कमरेने केला. एक झटका! आणि दोन्ही पायांच्या बोटांनी पायऱ्या पकडल्या.

ज्या बोटात मी होते त्यानेही पकडली.

मी वाकले. कट्ट असा आवाज झाला, फार मोठा नाही, काडी मोडल्याएवढा. भोवतालचं सगळं ओलं, मऊ, इतक्या दिवसांत जमलेलं, एका क्षणात फाटलं. छतावरची ओल त्याने सांभाळली आणि बोटातली घालवली. तो ओरडलाही नाही. ब्रश हातात तसाच धरून घोड्याला मिठी मारून उभा राहिला, बराच वेळ. मग बसत, घसरत खाली आला.

संध्याकाळी बायको आली. वर पाहिलं तर अर्धं छत पांढरं, अर्धं तसंच. घोडा खोलीच्या मध्ये. नवरा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. तिच्या हातातली पिशवी तिथेच खाली पडली.

"अहो, हे काय केलंत?"

"काही नाही. जरासं."

"मी सकाळी बोलले म्हणून? मी थट्टा केली हो!"

"तुझ्यामुळे नाही गं. तो डाग..." त्याने पाय उशीवर ओढून घेतला. मग म्हणाला, "डॉक्टरांना सांगू नकोस. ठरलेल्या दिवशी जायचंच आहे."

तिचं चुकलं ते एवढंच, की तिने ऐकलं. त्याला वाटत होतं, गप्प पडून राहिलं तर जुळेल. मग तो खरंच इतका गप्प पडून राहिला की बघवत नसे. कूससुद्धा बदलायचा नाही. आणि मी आत काय करत होते? मित्रांनो, मी शर्थ केली हो. पण वाकडी पिन काय धरणार? मी एका हाडाला धरायला जावं तर दुसरं सुटायचं. बोट सुजलं, लाल झालं. ओलं काही परत भरेचना. बायको रोज मण्यांकडे बघायची आणि आता काही म्हणायची नाही.

पिना काढायचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी आधी बहिणीचा मणी काढला, पकडीने धरून जरा फिरवलं, ओढलं. ती आली की अलगद, सरळच्या सरळ. रंगाऱ्याला आश्चर्य वाटलं. "बस, एवढंच?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आशा आली, ती बघून मला आतल्या आत मेल्यासारखं झालं. कारण पुढची पाळी माझी होती.

त्यांनी मला फिरवलं. मी फिरले नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्याला आत हाडाचा फोटो काढायला नेलं, परत आणलं. त्यांनी तो फोटो दिव्यासमोर धरला.

"काका, काय केलंत?"

बायकोने सगळं सांगितलं, रडत रडत, स्वतःला दोष देत. नर्सने तिला खुर्ची दिली. मग बोट बधिर करून मला बाहेर काढलं. येताना मी त्याचं आणखी थोडं हाड ओरबाडलं. वाकडी वस्तू सरळ वाटेने येत नाही, माझा नाइलाज होता.

"शेजारचं बोट छान जुळलंय," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे नाही जुळलं. पुन्हा करण्याएवढं हाड आता यात राहिलेलं नाही. चालाल, फिराल. पण पायरीची कड या बोटाखाली आली की कळ उठेल. शिडी नाही, काका."

"घोडा नाही हो चालवणार. नुसता उभा राहीन."

"उभंही नाही."

मग त्याने मला मागून घेतलं. नर्सने बहिणीला कचऱ्यात टाकलं, ती कामात यशस्वी झाली होती ना! मला पुसून कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

आता मी त्याच्या ब्रशांच्या डब्यात असते. ब्रश वाळून कडक झालेत. त्या दिवसाचा रंग त्यांच्यात तसाच आहे, कुणी धुतलेच नाहीत.

काही दिवसांनी जोडीदार आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, उठायचं नाव घेईना. शेवटी खाली बघत म्हणाला, "दादा, तुझा घोडा नेऊ का? पुढे एक मोठं काम आलंय. काम झालं की आणून देतो."

"ने ने," रंगारी लगेच म्हणाला. "नुसता पडलाय इथे."

जोडीदाराने घोडा खांद्यावर घेतला. दारातून निघताना त्याच्या पायऱ्या आमच्याकडे झाल्या. वरच्या पायरीच्या लाकडात बोटं धरून धरून खाचा पडल्या होत्या. रंगारी बघत राहिला. "उजवीकडची पायरी जरा ढिली आहे रे, जपून," एवढं त्याने मागून ओरडून सांगितलं. जिन्यावरून घोड्याचा खडखडाट खालपर्यंत गेला. घोडा अजून आलेला नाही. येणारही नाही.

उरलेलं छत रंगवायला जोडीदार तयार होता, बायकोही तयार होती. रंगारी राहू दे म्हणतो. कधीतरी मला डब्यातून काढतो, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून सरळ करायला बघतो. मी होत नाही. मला परत टाकून देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला पडून राहायला सांगितलं असेल, तर नुसतं "पडून राहा" म्हणून आपापल्या कामाला जाऊ नका. त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते एकदा त्याच्याजवळ आडवं होऊन बघा. आणि त्याचा घोडा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. मला एवढंच मागायचं आहे. माझ्या रंगाऱ्यासाठी आता उशीर झालाय.

बायकोच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागतो, आणि झोपेत त्याचे पाय हलायला लागतात. आधी एक झटका, मग दुसरा. डाव्या पायाची बोटं हवेत पायरी पकडतात. उजव्याचं एक बोट ताठ राहतं आणि एक, माझं, नुसतं लोंबतं. बायको हातातलं काम टाकून येते, पलंगाच्या पायथ्याशी बसते आणि तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवते, हलायचा थांबेपर्यंत. डब्यातून मला सगळं दिसतं. धरून ठेवायचं काम माझं होतं.