स्कॅनरवर वारलेला माणूस

डेल्मर फॉसने सिरपची बाटली आपल्याकडे ओढली, पॅनकेकवर धार धरली आणि धार तुटायच्या आत जाहीर करून टाकलं, "हे मी सांगतोय खरं, पण तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. माझा स्वतःचा बसायला आठवडा लागला."

"मग सांगतोस कशाला?" समोरून गेलन रॉयटर म्हणाला. गेलन म्हणजे आमच्या ओटर फोर्कच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख.

"कारण गोष्टीत तू आहेस."

"मग सांग," म्हणत गेलनने खुर्ची पुढे घेतली.

त्या रविवारी दलाचा वर्षाचा पॅनकेक नाश्ता होता. बंब बाहेर उन्हात काढून गॅरेजात लांबलचक टेबलं मांडली होती आणि निम्मं गाव काट्याचमच्यांचा खणखणाट करत बसलं होतं. पलीकडच्या खिडकीआड लोर्ना ट्वेट तव्यावर पॅनकेक उलटत होती. डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघरत होता, म्हणून तिला काही ऐकू जात नसणार असा डेल्मरचा हिशेब होता. लोर्नाबाईही गोष्टीत होती.

तर झालं ते असं.

ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे साडेदहा. डेल्मर स्वयंपाकघरात सिंकखाली उताणा पडून गळका नळ दुरुस्त करत होता. बाहेर दिसत होते ते फक्त बूट, टोकं छताकडे. फ्रिजवर स्कॅनर चालू होता. ओटर फोर्कमध्ये एखाद्या घरात देव नसेल, पण स्कॅनर असतो. बंबाचं, रुग्णवाहिकेचं, पोलिसांचं रेडिओवरचं सगळं बोलणं तो घरबसल्या ऐकवतो. नुसता ऐकवतो, उलट बोलायची सोय त्याच्यात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेवढ्यात टपालवाली आली. बाई नवीन होती, पार्सल पेटीत मावेना म्हणून दार ठोठावलं. नेमकी तेव्हा स्कॅनरवर शाळेच्या व्यायामशाळेत शिरलेल्या कालवडीची भानगड चालली होती, आणि स्कॅनर बोलत असताना आमच्याकडे कुणी कुणाला ओ देत नाही. लग्न लागत असलं तरी नवरी थांबते. डेल्मर गप्प राहिला. बाईने खिडकीतून डोकावलं, ताठ बूट पाहिले आणि घाबरून आणीबाणीचा नंबर फिरवला.

कालवड बाहेर निघाली आणि लगेच स्कॅनरवर रोंडाचा आवाज आला. रोंडा चाळीस मैलांवरच्या जिल्ह्याच्या गावी बसते आणि तिथून सगळ्यांना हाका मारते.

"ओटर फोर्क अग्निशमन आणि रुग्णवाहिका. नववा ग्रामीण रस्ता, घर क्रमांक दोनशे बारा. वयस्कर पुरुष, स्वयंपाकघरात जमिनीवर. प्रतिसाद नाही."

"अरेरे, गेला बिचारा," डेल्मर सिंकखालून म्हणाला आणि उठताना डोकं आपटून घेतलं.

एक्केचाळीस वर्षं तो दलात होता. सतरा नंबर. त्याचा हातातला रेडिओ केंद्रावर चार्जिंगला होता, पण म्हणून घरी बसून राहणारा तो माणूस नव्हे. जॅकेट चढवलं, पिकअप काढली आणि दोनशे बारा शोधायला निघाला.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या घराचा नंबर माणसाला ठाऊक नसतो का? नसतो. हे नंबर जिल्ह्याने आठ वर्षांपूर्वी वाटले. हिरव्या पत्र्याच्या पाट्या घरोघरी दिल्या. डेल्मरने आपली पाटी कोंबड्यांच्या खुराड्याला पडलेल्या भोकावर ठोकली, ती बरोबर बसली. त्याचं घर म्हणजे प्रुइटची धान्याची कोठी कोसळली तिथून दुसरं. सगळ्या जगाला ते तसंच माहीत होतं, मग नंबर कुणाला हवा?

तो दारोदार गाडी थांबवून ओरडत सुटला, "तुमच्याकडे कुणी म्हातारा पडलाय का?" एकाही घरात कुणी नाही. गॅस बंद, कुत्री बांधलेली. कारण तो निघाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला रोंडाने पुढची माहिती दिली होती. पार्सलवर नाव होतं फॉस. आणि आमच्याकडे स्कॅनरवर म्हातारा जमिनीवर पडला, की त्याला खांदा द्यायच्या आधी मयताघरी न्यायच्या जेवणासाठी ओव्हन तापतात.

अर्धा तास भटकल्यावर त्याला गाड्यांची रांग दिसली. पुढे बंब, मागे तीस-पस्तीस मोटारी, कशाही वेड्यावाकड्या उभ्या केलेल्या. ते पाहून डेल्मरचं रक्त उसळलं. गावात कुणाचंही मयत असलं की गाड्या लावून घेणं हे त्याचंच काम. तो खाली उतरला आणि हात दाखवायला लागला.

"गेला का रे?" झाकलेलं भांडं मांडीवर घेऊन बसलेल्या कुणीतरी काचेतून विचारलं.

"गेला म्हणतात. पुढे घ्या, पुढे! कुंपणाला लावा. अहो, त्या कोंबड्या सांभाळा!"

शेवटची गाडी लावून झाली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की कोंबड्या आपल्या आहेत.

आत स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. टेबलावर नऊ भांडी, तीन रंगांची जेली आणि हॅमची सँडविचं. गेलन टोपी काढून फ्रिजपाशी उभा होता.

"कोण गेलं?" डेल्मरने विचारलं.

"तू," गेलन म्हणाला.

"मी? अरे, मी इथे उभा आहे!"

"दिसतंय मला. पण स्कॅनरवर आलंय. रुग्णवाहिकेची पोरं आली, बघतात तर जमिनीवर कुणी नाही. म्हणजे शेजारच्या जिल्ह्याची गाडी तुला आधीच घेऊन गेली."

"मग मी हा कोण बोलतोय?"

"ते आता तूच बघ."

"अरे, स्कॅनर चुकला असेल!"

खोलीतली सगळी तोंडं चावायची थांबली. गेलनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डेल्मर, हे बघ. चौतीस वर्षं हा डबा बोलतोय. धूर दिसायच्या आधी यानं आग सांगितली. आणि त्याच चौतीस वर्षांत तू आम्हाला काय सांगितलंस? पिकअप चालवणारा मासा. आता तूच सांग, आम्ही कुणाचं ऐकायचं?"

("असं म्हणालो मी?" गेलनने पॅनकेक खायचं थांबवून विचारलं. "म्हणालास." "बरं बोललो की," गेलन म्हणाला आणि लोणी मागितलं.)

इतक्यात दार उघडलं आणि गर्दी आपोआप दुभंगली. लोर्नाबाई आली होती. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भांडं.

डेल्मरने नाक वर केलं. टॉवेलखाली काय आहे ते वासावरून कळत होतं. मयताचे बटाटे. किसलेले बटाटे, आंबट साय, चीज, कांदा, आणि वरून जे काही ती घालते ते. करते फक्त मयताला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी हात जोडले तरी केले नाहीत. आणि डेल्मरने एक्केचाळीस वर्षांत एकदाही ते खाल्ले नव्हते! प्रत्येक मयताला तो बाहेर गाड्या लावत बसायचा. आत येईपर्यंत भांड्याच्या कडा खरवडून झालेल्या असायच्या. एका घासासाठी तो गावातल्या कितीतरी चांगल्या माणसांच्या मरणाची वाट बघत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटायची.

लोर्नाबाईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "डेल्मर, सरळ सांग. गेलायस की नाही?"

"समज, गेलो असेन तर?"

"तर पहिलं वाढप तुझं."

"आणि नसेन तर?"

"तर भांडं परत जाईल. जिवंत माणसासाठी मी हे करत नाही."

डेल्मर तोंड उघडणार, एवढ्यात फ्रिजवरून रोंडाचा आवाज आला. "ओटर फोर्क सतरा." आणि मग नुसती खरखर.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दलातला माणूस गेला की रेडिओवर त्याचा नंबर तीनदा पुकारतात. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, की रोंडा सेवा संपल्याची वेळ सांगते, कागदावर शिक्का बसतो, आणि तो शिक्का पुसायची तरतूद जिल्ह्यात कुठल्याच कायद्यात नाही. एरवी हे दफनाच्या वेळी होतं. पण रोंडा दुसऱ्या दिवसापासून रजेवर जाणार होती, म्हणून तिने हातासरशी उरकायला घेतलं होतं.

"आहे! सतरा इथे आहे!" डेल्मर स्कॅनरकडे बघून ओरडला. स्कॅनरने ऐकलं नाही. मघाशी सांगितलं ते हेच.

"शू!" गेलन डोळे पुसत म्हणाला. "जरा गप्प बस ना. आम्ही तुझ्यासाठी शांतता पाळतोय."

"तुझा रेडिओ दे इकडे!"

"दलाचा रेडिओ मयताच्या हातात देता येत नाही."

बंबात आणखी एक रेडिओ होता. अंगणात, वीस पावलांवर. डेल्मर दाराकडे वळला आणि तिथेच थबकला. लोर्नाबाईने भांड्यावरचा टॉवेल काढला होता. वाफ निघाली. तिने नेमका कोपऱ्यातला तुकडा कापला, दोन बाजूंनी खरपूस झालेला, आणि ताटलीत घालून त्याच्यासमोर धरला.

"घे," ती हळूच म्हणाली. "बाकी माणूस वाईट नव्हतास."

"ओटर फोर्क सतरा," स्कॅनर म्हणाला. दुसरी हाक.

एका बाजूला बटाटे, दुसऱ्या बाजूला उरलेलं आयुष्य. आणि उरलेल्या आयुष्यात होतं काय? गळका नळ, दोन दुखरे गुडघे आणि अकरा कोंबड्या. खरं सांगायचं तर डेल्मरने एवढा वेळ विचार केला, की रोंडाने तिसऱ्या हाकेसाठी घेतलेला श्वास त्याला स्कॅनरमधून ऐकू आला. मग त्याने दोन्ही करायचं ठरवलं. ताटली उचलली आणि पळत सुटला.

"ए, ताटली घेऊन कुठे?" मागून लोर्नाबाई ओरडली.

धावता धावताच त्याने काटा खुपसला. बंबाच्या पायरीवर चढताना घास तोंडात गेला. माइक ओढला, तोच तिसरी हाक आली. "ओटर फोर्क सतरा."

डेल्मरने बटण दाबलं. "म्म्फ."

खरखर.

"ओटर फोर्क, ते काय होतं?" रोंडाने विचारलं.

"म्म्म्फ! म्फ!"

"काही ऐकू येत नाही. सतरा नंबरकडून उत्तर नाही, अशी नोंद…"

चीज टाळूला चिकटलं होतं आणि विस्तवासारखं पोळत होतं. थुंकलं तर एक्केचाळीस वर्षांची इच्छा मातीत. डेल्मरने डोळे मिटून गिळलं. घसा, छाती, पोट, सगळीकडून वरात गेल्यासारखं वाटलं.

"सतरा हजर!" तो किंचाळला.

रोंडाचा आवाज आला. "सतरा, इथे कागदावर तू मयत आहेस."

"खोडून टाक."

"खोडायचं कारण लिहावं लागतं."

"लिही, नळ गळत होता."

कागदाची फडफड ऐकू आली. मग रोंडाने घसा साफ केला. "ओटर फोर्क, ऐकत असलेल्या सर्वांसाठी. सतरा नंबर जिवंत आहे. वेळ, अकरा वाजून बावीस मिनिटं."

स्कॅनरवरून हे बाहेर पडलं आणि स्वयंपाकघरातून एकच कल्लोळ उठला. माणसं धावत अंगणात आली, डेल्मरला बंबातून ओढून काढलं, मिठ्या मारल्या. "अरे डेल्मर! आहेस की तू! सांगायचं नाही का?" गेलन तर हमसून हमसून रडला. लोर्नाबाईने मात्र मिठी मारली नाही. तिने शांतपणे त्याच्या हातातली ताटली काढून घेतली, त्यावर टॉवेल टाकला आणि घरी निघून गेली.

"एकच घास," डेल्मरने टेबलावर हात टेकत समारोप केला. "एकच. पण आता मरायला हरकत नाही."

गेलन टिशूने नाक पुसत होता.

"पण होता कसा?" कुणीतरी विचारलं. "चव कशी होती?"

डेल्मरने डोळे मिटले. "काय सांगू! आत लोण्यासारखं मऊ. आणि वर तो थर! कॉर्नफ्लेक्स चुरून तुपकट लोण्यात परतलेले, असे कुरकुरीत, की दाताखाली…"

धूर ओढणारा पंखा कधीचा बंद झाला होता. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा खिडकीत लोर्नाबाई उभी होती, हातात पॅनकेक उलटायचं उलथनं.

"मेलास, ते मी ऐकून घेतलं," ती म्हणाली. "माझी ताटली पळवलीस, तेही ऐकून घेतलं. पण कॉर्नफ्लेक्स? माझ्या बटाट्यांवर आजवर खारी बिस्किटं पडत आलीत, डेल्मर फॉस! खोटारड्या, तू एक घाससुद्धा खाल्लेला नाहीस!"