उर्वीच्या पप्पांची न संपणारी बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. घड्याळातली नव्हे, टॉर्चमधलीही नव्हे. मी ई-सिगारेटच्या पोटात राहते. हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल, आणि मुरडावंच. पण माझ्या मनात एक गोंधळ आहे, तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. कतारला कशी आले, ते नीट आठवत नाही. इथे मला विकायला बंदी आहे. कायमचा गावी निघालेल्या एका माणसाने मला निवृत्ती नावाच्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवलं, एवढं मात्र आठवतं. निवृत्ती सिन्नरकडचा. हमद पोर्टवर कंटेनरचा ट्रेलर चालवतो आणि बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत एका खोलीत चौघांबरोबर राहतो. सिगारेटी ओढून त्याला खोकल्याची उबळ यायची. एका शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मुलीला म्हणाला, "उर्वी, सिगारेट सोडली बघ. आता फक्त ही. हिची बॅटरी संपली की हे बी खलास. तुझी शपथ!"

लेकीची शपथ तो कधी मोडत नाही. मला वाटलं, आपलं आयुष्य आता थोडकंच.

पण झालं भलतंच. शपथ घेतल्यापासून तो मला जिवापाड जपू लागला! खोलीतला हैदराबादचा जियाद त्याचा गुरू झाला. "निवृत्ती भाई, गाडी में नक्को छोडो, गरमी में बॅटरी बैठ जाती." तेव्हापासून मी तापलेल्या केबिनमध्ये एकटी राहिले नाही. पूर्ण रिकामी होण्याआधी तो मला चार्जिंगला लावी, भरली की काढून ठेवी. माझी टोकं कोरड्या फडक्याने पुसी, पॉवर कमी ठेवी, ओढून झालं की बटण बंद करी. "वा, अजून नव्यासारखी चालते," असं तो म्हणाला की मी फुशारून जाई.

दर शुक्रवारी उर्वी विचारी, "पप्पा, संपली?"

"नाही गं, अजून आहे," तो म्हणे आणि खोकत राही.

मागून त्याची बायको बबीता म्हणे, "काय बाई ही बॅटरी! सरंना का उरंना."

मला काही कळेनासं झालं. मी टिकले की तो खूश आणि मी टिकले की पोर हिरमुसली. मग चांगली बॅटरी म्हणजे नक्की कोणती?

एका शुक्रवारी उर्वी रडवेली होऊन म्हणाली, "आपल्या घड्याळाचा सेल संपला, रिमोटचाही संपला. मी रोज देवाला सांगते, पप्पांची बॅटरी संपू दे. देव ऐकतच नाही."

मी हबकले. एवढंसं लेकरू माझं मरण मागत होतं!

"पप्पा, तुमच्या मागे तो हिरवा दिवा कसला?"

तो दिवा माझ्या चार्जरचा होता. निवृत्तीने मागे वळून पाहिलं. काहीतरी थाप मारायला त्याने तोंड उघडलं, पण नुसता खोकलाच आला. शेवटी तो हळूच म्हणाला, "चार्जर आहे."

"म्हणजे तुम्हीच तिला जेवू घालता?"

कॉल संपल्यावर त्याने माझी वायर उपटली आणि चार्जर जियादच्या हातात दिला. "भाई, अभी तो ये बहुत चलती!" जियाद चकित झाला.

"इसीलिए," निवृत्ती म्हणाला.

आता मी त्याच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मला कुणी पुसत नाही, की कुणी माझं कौतुक करत नाही. तो बडीशेप चघळतो, उगाच चिडचिड करतो. खोकला मात्र कमी झालाय. कधी कधी तो पेटी उघडतो, माझ्याकडे बघत बसतो आणि परत झाकण लावतो. माझ्यात चार्ज शिल्लक आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. त्या वेळी मला त्याची फार भीती वाटते, आणि माझीही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तू जरूर जपा. वापरली नाही तरी बॅटरी हळूहळू उतरत जाते, असं जियाद म्हणतो. स्वतःचंच संपणं मागावं, हे बरोबर की चूक, ते मला अजून उमगलेलं नाही. तरी निवृत्तीचा हात पुन्हा माझ्याकडे वळेल, तेव्हा मी रिकामी निघावी, एवढं उर्वीबरोबर तुम्हीही देवाला सांगा.