तेलाचा हात

शनिवारी सकाळचं कॉलेज आटपून राही पावणेदोनच्या एस.टी.ने मालगुंडच्या फाट्यावर उतरली. घरी पोचली तर तिचा बाप, काशीराम, पडवीत उघडा बसलेला आणि आई गोदा त्याच्या पाठीला खोबरेल चोळत होती.

“काय झालं गो आये?”

“फवारणीला गेलेले ना भाऊंच्या बागेत. डबा उलटला अंगावर. पाणी मिसळायच्या आधीचंच औषध. विहिरीवर धुतलानी, तरी आग होते म्हणतायत.”

“लगीन झाल्यापासनं आज पहिल्यांदा तेल लावतेय तुझी आई,” काशीराम म्हणाला. “त्यासाठी अंगावर इख घ्यायला लागलं.”

“गप बसा,” गोदा म्हणाली आणि तेलाची वाटी पुन्हा कलती केली.

गोदा चौदा वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडत होती. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून तिथल्या बाया कामाला बसण्याआधी हाताला खोबरेल आणि राख फासून घेतात. गोदाचे हात त्या खोबरेलानेच शाबूत राहिले होते. कातडीची आग झाली की तेल, हे तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

राहीने दप्तर ठेवलं. बापाच्या अंगाला घासलेटासारखा वास येत होता. त्या वासाने तिला सकाळचा तास आठवला. चारुदत्त सरांनी फळ्यावर पाण्याचा रेणू काढला होता. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून त्याचं टोक थोडं ऋण, हायड्रोजनची टोकं थोडी धन. असा रेणू ध्रुवीय. अशी टोकं एकमेकांना धरून राहतात. तेलाला अशी टोकं नसतात, म्हणून पाणी त्याला आत घेत नाही. घासलेट, चरबी, तेल मात्र एकमेकांत खुशाल मिसळतात.

म्हणजे घासलेटाच्या वासाचं ते औषध विहिरीच्या पाण्याने निघालंच नव्हतं. आणि आता आई ते तेलात विरघळवून कातडीत मुरवत होती.

सर बोलले ते परीक्षानळीबद्दल. माणसाच्या पाठीबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

“आये, हात काढ. तेलाने ते आत जाईल.”

“चौदा वर्षं मी हात घातलेत त्या काजूत. माझ्या हातांना काय झालं?”

“काजूचं तेल वेगळं, हे औषध वेगळं. हे रक्तात जातं.”

“बारावी झाली नाय अजून, आणि डॉक्टरीण झाली!”

“मला चष्मा लागला काय गो?” काशीराम मध्येच म्हणाला. “तुझं तोंड धूसर दिसतंय.”

राही त्याच्यासमोर वाकली. पडवीच्या सावलीतही त्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. दंडाचं मांस आपोआप उडत होतं, जणू कातडीखाली काहीतरी सरपटत होतं.

गोदाने हात काढले. “दूध आणते,” ती पुटपुटली. “इखावर दूध देतात.”

“काही देऊ नको! दुधातही लोणी असतं. साबण कुठाय?”

साबणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हे तिला फळ्यावरच्या आकृतीसह आठवत होतं. बापाला न्हाणीत नेऊन, हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, तिने कपड्याच्या साबणाची वडी त्याच्या पाठीवर घासली. पहिल्या वेळी फेसच आला नाही. दुसऱ्या वेळी थोडा आला. तिसऱ्या वेळी कातडीवर थेंब थांबेनासे झाले, पाणी सपाट वाहून गेलं. तोवर काशीरामच्या छातीत घरघर सुरू झाली होती.

“भाऊंची जीप बोलाव,” ती ओरडली. गोदा पदर खोचून धावली.

बागेचे मालक, गोपाळकृष्णभाऊ, स्वतः गाडी घेऊन आले. औषधाचा डबा राहीने गोणत्यात बांधून बरोबर घेतला. वाटेत काशीरामला दोनदा ओकारी झाली. प्रत्येक वळणावर राही त्याचा श्वास मोजत होती. एकदा तिला मोजायला काही सापडेना. मग तो आला.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि लगेच शिरेतून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने दुसरं. मग तिसरं. “अंगाला काय लावलंत?”

“तेल. मग साबणाने धुतलं,” राही म्हणाली.

“तेल कितीक वेळ होतं?”

राहीने आईकडे पाहिलं.

“मी मेलीने लावलं,” गोदा म्हणाली. “अर्धा तास.”

“साबण लावलात म्हणून निदान इथवर आले. रात्रभर काही सांगता येणार नाही.”

साडेपाचला काशीरामचं तोंड कोरडं पडलं, छातीतली घरघर उतरली. हे चांगलं लक्षण, असं परिचारिकेने सांगितलं. राही पहिल्यांदा भिंतीला टेकली.

शेजारी बाकावर गोदा गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता. ती पदराने सारखं तोंड टिपत होती.

“राही,” ती हळूच म्हणाली, “दिवे लावले नाहीत काय अजून? मला नीट दिसत नाय.”

वर ट्यूबलाइट लख्ख जळत होती. राहीने आईचे हात उलटे करून पाहिले. नखांच्या कडेला, रेषारेषांत तेल चमकत होतं. न्हाणीत तिने बापाला धुतलं होतं. आईचे हात कोणीच धुतले नव्हते.

“डॉक्टर!” ती ओरडली, आणि आईला मनगटाला धरून व्हरांड्यातल्या नळाकडे ओढत निघाली.

“साबण आण कोणीतरी! साबण!”