थंड खोलीतला संगणक

मित्रांनो, टोकावड्याजवळच्या एका बंद दूध संस्थेत गोणपाटाखाली पडलेला मी एक जुना संगणक आहे.

१९९९ साली मी इथे आलो. त्या वर्षी संस्थेने गावातले दूध कल्याणच्या एका मोठ्या डेअरीला पाठवायचे ठरवले होते. वाट लांबची, त्यामुळे दूध थंड राहणे गरजेचे होते. पण शेजारच्या गावातल्या संस्थेत संगणक आला आणि आमच्या अध्यक्षांनी, धर्माभाऊंनी, मलाच आणले. मला हार घातला, पेढे वाटले. माझ्यासाठी खोलीत एसी बसवला. मी खूश होतो. पण मला काम काय द्यायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संस्थेत वत्सलाबाई रोज सकाळी घरोघरचे दूध मोजून घेत. वैशाखात एकदा टेम्पोला फार उशीर झाला. वत्सलाबाई दुधाचे कॅन ओढत माझ्या दाराशी आल्या.

"धर्माभाऊ, टेम्पो येईस्तोवर कॅन आत ठेवते. उन्हात दूध नासंल."

"नाय गो. ओल लागली तर कंप्युटर बिघडंल. उद्या सायेब बघायला येनार हायेत."

"आमाला दूध थंड करायचं मशीन पायजे होतं. तुमी इचारलं तरी का?"

धर्माभाऊंनी दार लावून घेतले. मी आत गारव्यात बसलो होतो. काचेपलीकडे वत्सलाबाई ओली फडकी कॅनवर टाकत होत्या. मला ओरडावेसे वाटले, पण यंत्राला आवाज कुठला?

ते दूध आंबट म्हणून परत आले. वत्सलाबाईंनी ते ओढ्यात ओतले. त्या उन्हाळ्यात असे पुष्कळदा झाले. शेवटी डेअरीने टेम्पो पाठवणे थांबवले. घरोघरच्या म्हशी एकेक करून बाजारात गेल्या. वत्सलाबाईंची म्हैस चिमी विकली गेली, त्या दिवशी त्या संस्थेकडे फिरकल्याच नाहीत. २००३ मध्ये संस्थेला कुलूप लागले.

कुलूप लावण्याआधी धर्माभाऊ माझ्यासमोर बराच वेळ बसले.

"तुला आनायच्या आदी वत्सलाला इचारायला पायजे होतं रे," ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसत बाहेर गेले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या गावात नवे यंत्र आणायचे ठरेल, तेव्हा पहाटे उठून कामाला लागणाऱ्या बाईला आधी विचारा. संस्था चालू होती ती चार वर्षे मी इथेच होतो. तिला कोणीच विचारले नाही.