घरचं पपनस

वरंधच्या श्रीपतने स्वतःची एक किडनी आपल्या मुलाला, हर्षदला दिली आणि गावात त्याची मान ताठ झाली. व्हावीच. मी त्याचा शेजारी, मलाही त्याचा अभिमान वाटला. मुंबईहून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधांनी पोराची ताकद मुद्दाम कमी ठेवलीय. जंतू लागता कामा नयेत. फळ द्याल ते जाड सालीचं द्या, घरीच सोलून.

जाड साल म्हटल्यावर आमच्याकडे पपनसाच्या वर काय आहे? श्रीपतच्या परसात झाड लगडलेलं. टाक्यांची जागा ओढायची, तरी तो काठीने फळं पाडायचा, साबणाने हात धुऊन एकेक फोड सोलायचा. "गोळ्यांनी तोंड कडू होतं त्याचं, जरा जास्त दे," असं त्याची बायको उज्वला म्हणायची. हर्षद मिटक्या मारत खायचा.

एका सकाळी न्याहरी करताना पोराचा हात थरथरला. मग डोळे वर गेले, दातखीळ बसली, अंग झटके देऊ लागलं. माझ्या आईने कांदा फोडून नाकाशी धरला, श्रीपतने चप्पल हुंगवली. महाडच्या वाटेवर गाडीत पुन्हा फिट आली. तिथून थेट मुंबई.

किडनी टिकवणारी गोळीच रक्तात भलती वाढली होती. त्यानेच फिट येत होत्या आणि किडनीही होरपळली होती.

"फळ कोणतं देता?" बाईंनी विचारलं.

"पपनस. घरचंच हाय," श्रीपत म्हणाला.

बाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. पपनसाने ती गोळी शरीरात साचत जाते, त्या हळूच म्हणाल्या, हे आम्हीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही. झाडावर रागावून काय मिळणार?

गोळी कमी केली, फिट थांबल्या. किडनी मात्र सावरली नाही. आता महाडला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू आहेत.

परवा श्रीपत कुऱ्हाड घेऊन झाड तोडायला लागला. हर्षद पायरीवर बसून बघत होता.

"पप्पा, तुमच्याकडं आजून एक हाय ना? ती द्या मला."

उज्वला उठून आत गेली.

"हाय रे," श्रीपत म्हणाला, आणि तोडत राहिला.