बुटकी

दादाने गेम कन्सोलसाठी दोन स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फायली, लिहिल्या होत्या. एक टीव्हीवरच्या चित्राचं मोठं रिझोल्यूशन लावायची, दुसरी परत छोटं करायची. आमच्या गेम स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होणार, तेवढ्यात मी टीव्हीचं बटण दाबलं, मोठी स्क्रिप्ट आपोआप चालली आणि पडदा काळाठिक्कर पडला. हॉलभर हुर्यो. मी दादाला फोन लावला.

"जुन्या टीव्हीला मोठं झेपत नाही गं. काही दिसत नसलं तरी कीबोर्डवर छोट्या स्क्रिप्टचं नाव टाइप कर, एंटर दाब."

"नाव काय?"

तो जरा चाचरला. "बुटकी."

लहानपणापासून मेला मला हेच म्हणून चिडवतो! दातओठ खात मी एकेक अक्षर चाचपून दाबलं. पडदा उजळला. त्यावर, आधी चाललेल्या, सगळा अंधार करणाऱ्या मोठ्या स्क्रिप्टचंही नाव होतं: दादा.